एका गोलाचे अंतर

३१ जुलै १९४८ रोजी लंडनच्या पूर्वेकडील इल्फर्ड येथे भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिक स्पर्धेतील आपला पहिला सामना खेळला. स्वातंत्र्य मिळून अद्याप वर्षही पुरे झाले नव्हते. समोर फ्रान्सचा संघ होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, पायांना पट्ट्या गुंडाळून मैदानात उतरले होते, आणि त्या उघड्या पायांतले कसब पाहून इंग्रज प्रेक्षक थक्क झाले होते. ३०व्या मिनिटाला फ्रान्सने पहिला गोल केला. ७०व्या मिनिटाला सारंगपाणी रामन याने त्याची फेड केली. दोन पेनल्टी भारताच्या वाट्याला आल्या, आणि दोन्ही वाया गेल्या. सामना बरोबरीत सुटणार असे वाटत असतानाच, ८९व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला.

अशा पराभवाची हळहळ फार काळ टिकते, आणि ती साहजिकही आहे. दोनांपैकी एक पेनल्टी साधली असती तर? शेवटचे एक मिनिट निभावून नेले असते तर? असे 'जर-तर' मोजता मोजता माणूस हळूहळू एका समजुतीला येऊन पोचतो, की आपले खरे म्हणजे काही चुकलेच नव्हते. चुकले ते केवळ नशीब. मोठा पराभव माणसाला निदान जागे तरी करतो. निसटता पराभव त्याला थोपटून पुन्हा झोपवतो. भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील १९४८ ते १९६२ ही चौदा वर्षे म्हणजे हे दोन्ही प्रकारचे पराभव, आणि त्यांतून शिकलेले व न शिकलेले धडे यांची कहाणी आहे.

ती नीट समजण्यासाठी क्षणभर फुटबॉलचे मैदान डोळ्यांपुढे आणावे लागेल. गोलरक्षक सोडला, तर दहा खेळाडू उरतात. जुन्या पद्धतीत त्यांची मांडणी अशी असे: मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढे एका ओळीत पाच फॉरवर्ड. मधल्या तिघांतील मधला, म्हणजे सेंटर-हाफ, हा संघाचा कणा. चढाईत तो पुढे जायचा, बचावासाठी मागे यायचा. साऱ्या खेळाची सूत्रे त्याच्याकडे असत. ही रचना मोठी देखणी होती. परंतु १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे दिला जात असताना तो घेणाऱ्या फॉरवर्डच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. ती संख्या आता दोनवर आली. आघाडीच्या खेळाडूला मोकळीक मिळाली, आणि दोघा फुलबॅकांच्या मधली जागा एकाएकी उघडी पडली.

या उघड्या जागेचे करायचे काय, हा प्रश्न सुटला तोही एका पराभवानंतरच. १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या आर्सेनल संघाला न्यूकॅसलने ७-० असे धुऊन काढले. आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी आपला अनुभवी खेळाडू चार्ल्स बुकन याच्याशी विचारविनिमय केला, आणि सेंटर-हाफला दोन फुलबॅकांच्या मधोमध कायमचे मागे उभे करण्याचे ठरवले. त्याने मागे राहायचे, प्रतिपक्षाच्या सेंटर-फॉरवर्डला सोडायचे नाही. मध्यभागी पडलेले खिंडार बुजवण्यासाठी आघाडीचे दोन खेळाडू थोडे मागे ओढून घेतले. वरून पाहिले, तर खेळाडूंच्या जागांनी इंग्रजी डब्ल्यू आणि एम ही अक्षरे उमटावीत अशी ही रचना झाली. ती देखणी नव्हती. पण काळाची गरज ओळखणारी होती. युरोपातील बहुतेक संघांनी पुढील काळात ती उचलली.

भारतात मात्र दोन फुलबॅकांची जुनी पद्धतच चालू राहिली. कलकत्त्याच्या मैदानांवर ती खपून जात होती, कारण समोरचा संघही तसाच खेळत असे. विहिरीतल्या पाण्याला समुद्राच्या भरतीची कल्पना नसावी, तसे हे होते. इल्फर्डला जे घडले ते या दृष्टीने पाहिले, तर केवळ दोन पेनल्टींचा प्रश्न उरत नाही. दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. भारतातील देशांतर्गत सामने त्या काळी नव्वद मिनिटांहून कमी वेळाचे असत. ज्या शरीराला कमी वेळाची सवय आहे, त्याला शेवटची वीस मिनिटे परकी वाटली तर नवल नाही. ८९व्या मिनिटाला झालेला गोल हा निव्वळ दैवाचा फटका होता, असे म्हणून भागत नाही. पण १-२ हा आकडाच असा गोड, की त्याच्या आड हे सारे दडून राहिले.

त्यात भर पडली विजयाची. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, आणि अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलाने भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, पायाखालची ओळखीची माती. जुनी पद्धत पुरेशी आहे, या समजुतीवर जणू शिक्कामोर्तबच झाले.

पुढल्याच वर्षी, १९५२ च्या जुलैमध्ये, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. थंड हवा, ओलसर हिरवळ, आणि त्यावर पुन्हा बहुतेक अनवाणी पाय. युगोस्लाव्हियाचा संघ त्या स्पर्धेत पुढे रौप्यपदकाचा मानकरी ठरला. त्याने भारतावर दहा गोल केले. भारतातर्फे अहमद खानने केलेला एकच गोल नोंदला गेला. १०-१! या आकड्याला 'जर-तर' लावण्याची सोय नव्हती. या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले, आणि लोकांच्या आठवणीत हेलसिंकीचा धडा 'अनवाणी पाय' एवढाच राहिला. पण बूट ही त्या धड्याची फक्त पहिली ओळ होती. दोन फुलबॅकांच्या मधून पुनःपुन्हा धावत येणाऱ्या फॉरवर्डला केवळ बूट घालून अडवता येत नाही. त्या वाटेत कोणीतरी उभे असावे लागते.

ही गोष्ट ज्यांनी अचूक हेरली ते सय्यद अब्दुल रहीम हेलसिंकीला भारताचे प्रशिक्षक म्हणून स्वतः हजर होते. त्या पराभवाचा वाटा त्यांच्याकडेही होता, हे येथे मुद्दाम सांगायला हवे; कारण ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच ती शोधून दुरुस्त करावी, असा योग विरळा. रहीम हे मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. खेळाडूही त्यांना 'रहीमसाहेब' म्हणत, पण त्यांची वृत्ती अखेरपर्यंत शिक्षकाचीच राहिली. हैदराबाद सिटी पोलीस या संघाला त्यांनी घडवले, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा जिंकली. कूपरेजच्या मैदानाभोवती गर्दी करणाऱ्या मुंबईकरांनी रहीमसाहेबांच्या शिकवणीचे फळ डोळ्यांनी पाहिले ते तेथेच.

त्यांच्या शिकवणीची रीत साधी होती. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यांत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास मनाई असे. चेंडू आला की तो पुढे द्यायचा. काही स्पर्धांत दुबळ्या पायानेच खेळण्याचे बंधन असे. यामागे विचार असा, की चेंडू माणसापेक्षा वेगाने धावतो, आणि म्हणून माणसाने चेंडूबरोबर धावण्यापेक्षा चेंडू जेथे येणार तेथे आधी उभे असणे शहाणपणाचे. आपल्याकडील फुटबॉलपटूला चेंडूवर प्रेम होते. रहीमसाहेबांनी त्याला जागेवर प्रेम करायला शिकवले. हेलसिंकीनंतरच्या वर्षांत त्यांनी भारतीय संघात तिसरा बॅक आणला, आणि हंगेरीच्या संघाने १९५३ साली वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवताना दाखवलेल्या युक्त्यांचाही अभ्यास केला. सेंटर-फॉरवर्डने पुढे अडकून न राहता मागे सरकायचे, म्हणजे त्याच्यावर पहारा करणाऱ्या बॅकपुढे पेच पडतो. तो पाठोपाठ गेला तर मागे खिंडार पडते, न गेला तर फॉरवर्ड मोकळा सुटतो.

या परिश्रमाचे पहिले फळ १९५६ साली मेलबर्नला मिळाले. तेथे भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, आणि त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा या गोमंतकीय खेळाडूचे होते. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. नेव्हिलने भारताला आघाडीही मिळवून दिली. शेवटी भारत १-४ असा हरला, आणि स्पर्धेत चौथा आला. चार वर्षांपूर्वीचा नऊ गोलांचा फरक तिनावर आला होता. मधल्या काळात भारतीय खेळाडूचे रक्त बदलले नव्हते, अन्नही बदलले नव्हते. पायांत बूट आले होते, आणि मैदानावरील जागा बदलल्या होत्या.

यानंतर आले १९६० चे रोम. निसटत्या पराभवाची खरी परीक्षा येथेच आहे. सोळा संघांचे चार गट होते, आणि प्रत्येक गटातील फक्त पहिला संघ पुढे जाणार होता. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. पहिला सामना हंगेरीशी. २४व्या मिनिटाला गोरोच आणि ५६व्या मिनिटाला फ्लोरियान आल्बर्ट यांनी हंगेरीला दोन गोलांची आघाडी दिली. हाच आल्बर्ट पुढे १९६७ साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. ७९व्या मिनिटाला तुलसीदास बलराम याने एक गोल फेडला, आणि उरलेला वेळ भारताने झुंज दिली. निकाल पुन्हा तोच, १-२.

बारा वर्षांपूर्वीचा आकडा आणि हा आकडा एकच, पण त्यांचा अर्थ एक नव्हे. याच हंगेरीने त्याच गटात पेरूवर सहा आणि फ्रान्सवर सात गोल केले, आणि पुढे कांस्यपदक मिळवले. म्हणजे त्या गटात हंगेरीला सर्वांत जास्त घाम फुटला तो भारतापुढे. येथे एखादा संघ सहज खूष झाला असता. परंतु गटाचा अंतिम तक्ता काही वेगळेच सांगतो. फ्रान्सशी भारताचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. प्रदीपकुमार बॅनर्जी या कर्णधाराने ७१व्या मिनिटाला केलेला गोल फ्रान्सने ८२व्या मिनिटाला फेडला. पेरूशी भारत १-३ असा हरला. हंगेरीला सर्वांत जास्त झुंजवणारा संघ गटात शेवटचा आला!

या विसंगतीचा उलगडा कसा करायचा? बलाढ्य संघापुढे खेळताना प्रत्येक जण आपली जागा सांभाळतो, कारण भीती त्याला तेथे बांधून ठेवते. बरोबरीच्या संघापुढे भीती सरते आणि शिस्तही सैल होते. बॅक पुढे सरकतो, हाफबॅक चेंडूच्या मोहात पडतो, आणि मधे मोकळे मैदान राहते. शिवाय घड्याळाचा जुना शत्रू होताच. इल्फर्डला ८९वे मिनिट, रोमच्या स्पर्धेत ८२वे. आघाडी मिळवणे हे कौशल्याचे काम आहे; ती टिकवणे हे शिस्तीचे आणि दमाचे. हुतूतूत साखळी धरणारे गडी जसे चढाई करणाऱ्याकडे पाहतानाही शेजाऱ्याचा हात सोडत नाहीत, तसे अकरा जणांनी नव्वद मिनिटे एकमेकांना धरून राहणे, हे अजून साधायचे होते.

ते साधले १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत. आणि तेही पुन्हा एका पराभवापासून सुरुवात होऊन. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. दुसऱ्या सामन्यात भारताने थायलंडवर ४-१ असा विजय मिळवला, पण त्यात संघाचा बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग याच्या डोक्याला मोठी दुखापत झाली आणि टाके घालावे लागले. जपानविरुद्धचा सामना त्याच्यावाचूनच २-० असा जिंकावा लागला. उपांत्य सामन्याच्या वेळी रहीमसाहेबांपुढे प्रश्न उभा राहिला. डोक्याला पट्टी बांधलेल्या बॅकला खेळवायचे की बसवायचे?

त्यांनी दिलेले उत्तर भारतीय फुटबॉलच्या इतिहासात अजोड आहे. त्यांनी जर्नेलला खेळवले, पण बचावात नव्हे. त्याला सेंटर-फॉरवर्ड केले. बचावातील मधली जागा अरुण घोषने सांभाळली. वरकरणी हे साहस वाटते. हिशेब मांडला तर त्यातील शहाणपण दिसते. मधल्या बॅकला उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवावाच लागतो. तो टाळण्याची त्याला मुभा नसते, आणि त्याची एक चूक म्हणजे एक गोल. फॉरवर्डला मात्र आपली वेळ निवडता येते. त्याची चूक झाली तर एक संधी जाते, सामना जात नाही. शिवाय जर्नेलसारखा धिप्पाड गडी पुढे उभा राहिला, की प्रतिपक्षाचे बॅक त्याच्यात गुंतणार, आणि चुनी गोस्वामी, बलराम व बॅनर्जी यांना वाट मोकळी होणार. दुखापतीने बचावात अडचण झालेला माणूस आघाडीत शस्त्र ठरला. उपांत्य सामन्यात भारताने दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवले. चुनीचे दोन गोल, आणि एक जर्नेलचा.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरियाचा संघ समोर उभा होता. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेपासून दूर ठेवले होते. त्याला भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती, आणि त्यामुळे जकार्त्याचे वातावरण भारताच्या विरोधात तापलेले होते. सुमारे एक लाख प्रेक्षकांनी भरलेले ते स्टेडियम भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवत होते. गोलात उंचापुरा पीटर थंगराज. बचावात चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग, त्यांच्यामध्ये अरुण घोष. मधल्या फळीत प्रशांत सिंह आणि गोव्याचा फॉर्चुनातो फ्रँको. पुढे बॅनर्जी, युसूफ खान, जर्नेल, चुनी आणि बलराम. १७व्या मिनिटाला बॅनर्जीने पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी जर्नेलने दुसरा. उरलेला सत्तर मिनिटांचा खेळ म्हणजे जागा न सोडण्याची परीक्षा होती. ८५व्या मिनिटाला कोरियाने एक गोल केला. पुन्हा ते शेवटचे दहा मिनिटांचे भय! पण या वेळी साखळी तुटली नाही. भारताने सामना २-१ असा जिंकला.

ज्या संघाने दहा दिवसांच्या आत भारताला दोन गोलांनी हरवले होते, त्यालाच भारताने नमवले. दहा दिवसांत कोणाच्या पायातले कसब वाढत नाही, की कोणाची छाती रुंदावत नाही. एवढ्या वेळात बदलता येते ती एकच गोष्ट, ती म्हणजे कोणी कोठे उभे राहायचे. आणि ती बदलण्यासाठी आधी झालेल्या पराभवाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते.

या विजयाच्या वेळी रहीमसाहेबांच्या शरीरात कर्करोगाने घर केले होते. ११ जून १९६३ रोजी, सुवर्णपदकानंतर वर्षही पुरे होण्याआधी, ते निवर्तले. त्यांच्यानंतर भारतीय संघाने १९६४ च्या आशिया चषकात दुसरे स्थान आणि १९७० च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पण रोमनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मैदानावर पुन्हा दिसला नाही, आणि जकार्त्याचे ते सुवर्णपदक अखेरचेच राहिले. खेळाडू यापुढेही चांगले निपजले. कमी पडली ती पराभवाचा हिशेब मांडणारी शिस्त. आणि ती एका माणसाच्या डोक्यात असून भागत नाही, ती संस्थेच्या वहीत उतरावी लागते. गुरू गेला, की विद्या त्याच्याबरोबर गेली, असे होऊ देणे हा मैदानावरच्या कोणत्याही पराभवाहून मोठा पराभव होय.

इल्फर्डला १-२ आणि जकार्त्याला २-१. दोन्ही वेळा अंतर एकाच गोलाचे. पहिल्या आकड्याने चार वर्षे भूल घातली. दुसरा आकडा मिळाला तो दहा गोलांची जखम न लपवता उघडून पाहणाऱ्या एका शिक्षकामुळे. निसटता पराभव पदरी आला, की 'थोडक्यात हुकले' असे आपण सहज म्हणतो. ते 'थोडके' म्हणजे नेमके किती, आणि ते कोठे हुकले, एवढे विचारण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असेल, त्यालाच पुढचा सामना जिंकण्याची आशा धरता येईल. खेळाच्या मैदानावर हे जितके खरे आहे, तितकेच ते मैदानाबाहेरही खरे आहे.